गोलकडे पाठ

बोरन्हाण उरकलं. बायका वाणाची स्टीलची डबी पर्समध्ये टाकत, 'गोड बोला गं' म्हणत निघाल्या, आणि दारातल्या चपलांच्या ढिगात आपले बूट शोधता शोधता वरच्या मजल्यावरची जर्मन बाई योगिनीला म्हणाली, "तुझी मुलगी धावत नाही. ती उभी राहते. मीसुद्धा अशीच उभी राहायचे." एवढंच. मग तिला बूट सापडले, भिंतीला टेकून तिने नाडी बांधली, उजवा गुडघा वाकवताना तोंड जरा वाकडं केलं आणि लिफ्टची वाट न बघता जिना चढून गेली. योगिनी उरलेल्या चुरमुऱ्यांची परात हातात घेऊन तशीच दारात उभी. आतून सासूबाई ओरडल्या, "अगं दार लाव, गार वारा येतोय!" तरी तिला दार लावायचं सुचेना. उभी राहते म्हणजे काय? हे कौतुक होतं की आणखी काही? हल्ली आरोहीबद्दल कुणी काहीही म्हणालं की योगिनी ते वाक्य उचलून घरात आणायची आणि अळी आहे का म्हणून फ्लॉवरचा गड्डा उलटासुलटा करून बघावा तसं बघत बसायची.

झालं होतं ते असं. आरोहीला पाटावर उभं केलं होतं. काळं झबलं, त्यावर हलव्याचा हार, हलव्याचा मुकुट. अडीच वर्षांची पोर, पण मुकुटाला तिने हात म्हणून लावला नाही. सासूबाईंनी बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गोळ्या असं सगळं मापट्याने तिच्या डोक्यावरून ओतलं आणि सोसायटीतली पोरं किंचाळत त्यावर तुटून पडली. समोरच्या फ्लॅटमधल्या साक्षीचा ओम तर तिच्या पायांमधूनच घुसला. आरोही हलली नाही. दचकली नाही, रडली नाही. नुसती बघत राहिली, या पोराकडून त्या पोराकडे, हातांकडे, तोंडांकडे. एक बोर शोकेसच्या पायाला आपटून गर्दीबाहेर निघालं. ते कुठे जाणार हे आधीच ठाऊक असल्यासारखी आरोही पाटावरून उतरली, बाजूला झाली आणि बोर आलं तेव्हा तिने त्यावर अलगद पाय ठेवला. बायका हसल्या. साक्षी म्हणाली, "बघा शहाणी! कष्ट नको, घाम नको, डायरेक्ट फळ." सासूबाई म्हणाल्या, "आमच्या शेखऱ्याची पोर हाय. त्यो बी असाच, वाढलेल्या ताटावर येऊन बसायचा." कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत, कपाळभर हळदकुंकू घेऊन बसलेली ती उंच बाई मात्र हसत नव्हती. ती पुढे वाकून बघत होती.

तिचं नाव विबके. सोसायटीत ते कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा चांदवडहून आलेल्या कुसाबाईंनी, म्हणजे योगिनीच्या सासूबाईंनी, पहिल्याच भेटीत तिचं बारसं करून टाकलं. विमल. आता वॉचमनसुद्धा तिला विमलताई म्हणायचा आणि तीही हाक मारली की थांबायची. तिचा नवरा अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मोठा इंजिनिअर होता. ती पूर्वी फुटबॉल खेळायची, साधंसुधं नाही, देशाकडून, हे शेखरने कुठून तरी शोधून आणलं होतं. "फॉरवर्ड होती म्हणे. गोल मारणारी," तो जेवताना म्हणाला होता. कुसाबाई म्हणाल्या, "मंग आता काय करते?" शेखर म्हणाला, "आता रिटायर." "या वयात? पेन्शन हाय का?" त्या दिवशी योगिनी हसली होती. आज ती परात ओट्यावर ठेवून आरोहीच्या केसांतले चुरमुरे वेचत राहिली. मीसुद्धा अशीच. एवढी मोठी बाई, जगभर खेळून आलेली, म्हणते अशीच.

कारण आरोही बोलत नव्हती. तशी 'आई' म्हणायची, 'पा' म्हणायची, दूध हवं असलं की 'मम'. ओम तिच्याच वयाचा, तो लिफ्टमध्ये भेटेल त्याला 'काका, तुमचं पोट मोठं आहे' असं सांगायचा. लसीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी आरोहीला हाक मारली, चुटकी वाजवली, काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, द्वारका चौकाच्या पुढे एक क्लिनिक आहे, तिथे दाखवून घ्या, आधी कान, मग बाकीचं. आधी कान हे योगिनीने नीट ऐकलंच नाही. तिला 'बाकीचं' तेवढं ऐकू आलं. रात्रंदिवस मोबाईलवर शोधून तिने त्या बाकीच्याला एक नाव मिळवलं होतं आणि ते नाव घरात अजून कुणापुढे उच्चारलं नव्हतं. हाक मारली तर बघत नाही, इतर मुलांत खेळत नाही, एकाच वस्तूकडे टक लावून बसते. वाचलेलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या दिवशी तिला पोरीत दिसायचं आणि तिसऱ्या दिवशी दिसायचं नाही. क्लिनिकची तारीख रथसप्तमी उलटल्यावरची मिळाली होती. कुसाबाईंना ही सगळी थेरं वाटत होती. "शेखऱ्या चार वरसांचा होईस्तोवर मुका व्हता. आता बघ, फोनवर लागला की थांबत नाय. आन् कान तपासायचे म्हणं! गणपतीत काय केलं व्हतं हिनं, इसरली का?"

विसरेल कशी? विसर्जनाची मिरवणूक, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, आणि नाशिकचे ढोल. असे ढोल की पोटातलं पाणी हलावं. लेकरं आयांच्या कुशीत तोंड खुपसून रडत होती, ओमने तर साक्षीचा पदर ओला केला, आणि आरोही शेखरच्या खांद्यावर गाढ झोपलेली. मिरवणूक ऐन रंगात आल्यावर ती जागी झाली, ओणवी होऊन तिने हात लांबवला आणि सरळ ढोलाच्या पानावर तळवा ठेवला. मग अशी हसली! ढोल वाजवणारी फेटेवाली मुलगी थबकून म्हणाली, "वहिनी, ही खरी नाशिककर!" तो व्हिडिओ चांदवडच्या ग्रुपवर गेला, मखमलाबादला योगिनीच्या माहेरच्या ग्रुपवर गेला. आबांनी, योगिनीच्या वडिलांनी, झेंडूच्या वावरातून फोन करून सांगितलं, पोरगी धीट निघाली, तुझ्यावर नाही गेली. योगिनी लहानपणी फुलांच्या क्रेटवर बसून असायची. आई म्हणायची, एका जागी बस, ट्रक येतात, विहीर आहे, साप आहे. ती बसायची आणि बघायची. पुढे कॉलेजात मायक्रोबायोलॉजी घेतली तेव्हा सर म्हणायचे, या मुलीची नजर चांगली आहे, जंतू वाढवलेल्या प्लेटवर बाकीच्यांना काही दिसत नाही तेव्हा हिला दिसतं. नजर. आयुष्यभर तिने त्या एकाच गोष्टीवर भरवसा ठेवला होता. आरोही झाल्यावर नोकरी सुटली आणि नजर तेवढी राहिली. ती दिवसभर पोरीवर, तव्यावरच्या पोळीवर असावी तशी.

दुपारी आरोही झोपली की ती मोबाईलवर विबकेचे सामने बघायला लागली. जुने, भुरकट व्हिडिओ, कुणीतरी टीव्हीवरून उतरवलेले. ढगाळ आकाश, ओलं गवत, मैदानाच्या कडेला छत्र्या घेतलेली थोडी माणसं. फुटबॉलमधलं योगिनीला काही कळत नव्हतं, पण विबके ओळखू यायची, कारण बाकी सगळ्या पळत असायच्या आणि ही नसायची. गोलकडे पाठ करून, हात कमरेवर ठेवून, बसस्टॉपवर उभं राहावं तशी उभी. एखादीला वाटावं, हिला घरी जायचंय. मग कुठूनतरी एक भरकटलेला चेंडू यायचा, कुणाच्या पोटरीला लागून, गोलकीपरच्या हातातून निसटून, आणि तो यायचा तिथे ही असायची. नुसता पाय लावायची. गोल. उड्या नाहीत, नाच नाही. मैत्रिणी धावत येऊन गळ्यात पडायच्या, तेव्हा ती जराशी ओशाळून मान खाली घालायची. योगिनी ते क्षण मागे नेऊन परत परत बघायची. चेंडू यायच्या आधी हिचा चेहरा कसा आहे? रिकामा. अगदी रिकामा. शेजारी गादीवर आरोही उघड्या तोंडाने झोपलेली. योगिनी या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर जायची आणि तिच्या छातीतलं काहीतरी सैल व्हायचं.

मग ती निमित्तं काढून वर जायला लागली. कधी तिळाच्या वड्या, कधी द्राक्षं. आरोही कडेवर. विबकेचं इंग्रजी सावकाश होतं, योगिनीचंही, त्यामुळे दोघींचं बरं जमायचं. विबके सांगायची. समुद्राजवळचं सपाट गाव, गायी, वारा. मुलांच्या संघात एकटी मुलगी. वय वाढल्यावर मुलांत खेळायला मनाई झाली, तेव्हा दूरच्या शहरातल्या मुलींच्या संघात जाऊ लागली. खेळून पोट भरायचं नाही म्हणून पहाटे बेकरीत पाव भरायचे आणि संध्याकाळी सराव. "अंगाला लोण्याचा वास यायचा. समोरच्या संघातल्या मुली म्हणायच्या, आली बिस्किट." पहिल्या मोठ्या क्लबने तिला काढून टाकलं, आळशी आहे म्हणून. वर्तमानपत्रात यायचं की ही खेळत नाही, वाट बघते. पडलेला, उरलेला चेंडू आत ढकलणारीला तिकडे धूळ पुसणारी म्हणतात. तिलाही म्हणायचे. "मग एक प्रशिक्षक आली. ती म्हणाली, हिला कुणी पळायला सांगायचं नाही. हिला उभी राहू द्या." आणि त्या उभं राहण्यावर ती देशाच्या संघापर्यंत गेली. हिला उभी राहू द्या. योगिनीला वाटलं, ही गोष्ट आपल्याला कुणीतरी मुद्दाम पाठवली आहे. तिच्या आईला जशी एखाद्या ज्योतिष्याने पत्रिका उलगडून दाखवावी, इथे कष्ट, इथे अपमान, इथे राजयोग, तशी ती या परक्या बाईची कारकीर्द ऐकत होती आणि पत्रिकेतलं एकेक घर आरोहीशी ताडून बघत होती. हसू येत होतं स्वतःचं. तरी ताडत होती.

आणि तिने क्लिनिकची अपॉइंटमेंट रद्द केली.

"का?" शेखरने विचारलं. तो ऑफिसला निघाला होता, एका हातात हेल्मेट.

"थोडं थांबू. मुलं वेगवेगळी असतात. हिची पद्धत वेगळी आहे."

"तूच तर मागे लागली होतीस! मी सुट्टी टाकलीय."

"मग घे सुट्टी. माळ्यावरचा पंखा काढ."

"विमलताई काही बोलली का?"

"तिचा काय संबंध?" योगिनी म्हणाली, आणि कानाची पाळी तापल्यासारखी वाटली.

कुसाबाई देवापाशी वाती वळत होत्या. त्या मागे न बघता म्हणाल्या, "बरं झालं. नस्ता खरच वाचला. आन् पोरीला उगी वायरी लावल्या असत्या."

सुटकेसारखं वाटायला हवं होतं. वाटलंही दुपारपर्यंत. मग आरोही गॅलरीत उन्हात बसली, जाळीतून खाली बघत, आणि योगिनीने सवयीने स्वयंपाकघरातून हाक मारली, आरू. पोर बघत राहिली. आरोही. नाही. रमली असेल. कुकरची शिट्टी झाली. नाही. धीट आहे. योगिनी पुढे गेली, तिची सावली पोरीवर पडली आणि आरोही झटकन वळून तोंडभर हसली. "आई." बघ, बोलते. तोंड बघून बोलते. या शेवटच्या शब्दांपाशी मनात काहीतरी अडखळलं, उंबऱ्याला बोट लागावं तसं. पण दूध उतू जात होतं.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर ती आरोहीला घेऊन सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर गेली. विबके तिथे रोज चेंडू घेऊन यायची. खेळायची असं नाही. कंपाउंडच्या भिंतीवर हळूच मारायची, परत आला की थांबवायची. कडेला पिवळं गवत, खडी, झोपलेली दोन कुत्री. विबकेने चेंडू आरोहीपुढे ढकलला. आरोहीने तो पायाने थांबवला, मग खाली बसून त्याच्यावर खडे मांडायला लागली. एक ठेवला की घसरायचा, पुन्हा ठेवायची. योगिनी म्हणाली, "मी तुझे सामने पाहिले." विबके हसली, "बिचारी तू." "नाही, खरंच. तू उभी असायचीस, पाठ गोलकडे. तुला कसं दिसायचं चेंडू कुठे येणार ते?" हा प्रश्न तिने कित्येक दिवस जपून ठेवला होता. उत्तर आलं की सगळं पक्कं होणार होतं.

"दिसायचं?" विबके म्हणाली. "पाठीला डोळे नसतात. मी ऐकत असायचे."

"ऐकत?" योगिनी म्हणाली.

"आमचे सामने बघायला माणसंच नसायची. शे-दोनशे. खेळाडूंच्या आया, कुत्री फिरवणारे. सगळं ऐकू यायचं. माझ्यामागची मुलगी श्वास कुठून घेते, तिचे बूट डावीकडून येतायत की उजवीकडून, गोलकीपर घाबरली की हातमोजे एकमेकांवर आपटते. चेंडू बोटाने मारला तर एक आवाज, पायाच्या कडेने मारला तर वेगळा. लोकांना वाटायचं ही काही करत नाही. मी तेवढ्या वेळात पूर्ण मैदान ऐकलेलं असायचं." तिने बुटाने एक खडा सरकवला. "मग दिवस बदलले. बायकांच्या फुटबॉलला लोक यायला लागले. आम्हाला तेच हवं होतं, भांडलो होतो आम्ही त्यासाठी. पहिल्यांदा भरलेलं स्टेडियम पाहिलं तेव्हा मी रडले. शिट्टी झाली, सगळे गायला लागले, माझं नावसुद्धा घेत होते, आणि मी बहिरी झाले. काही म्हणजे काही नाही. नुसता समुद्र. मागून ती मुलगी कधी आली कळलंच नाही." तिने उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. "हे त्या दिवसाचं. पुढे दोन हंगाम खेळले. पण डोळ्यांनी. सारखी मान फिरवायची, हिच्याकडे बघ, तिच्याकडे बघ. ती प्रशिक्षक म्हणाली, विबके, तू आधी उभी राहायचीस, आता नुसती थांबतेस. तेव्हा मी सोडलं. गंमत आहे ना? कुणी येत नव्हतं तोवर माझा खेळ होता."

गंमत आहे असं योगिनीला वाटलं नाही. काय वाटलं तेच कळेना. ताडून ठेवलेली घरं एकदम रिकामी झाली. "पण तू म्हणालीस ना," ती म्हणाली, आवाज नको तितका चढला, "त्या दिवशी. आरोही तुझ्यासारखी उभी राहते."

"म्हणाले. मग घरी गेल्यावर मला ते बरोबर वाटेना." विबके शब्द शोधत होती. "पोरं तिच्या मागून आली तेव्हा ती वळली नाही. समोर आल्यावर बघितलं. हातांकडे, तोंडांकडे. ती बघते योगिनी, पण माझ्या चांगल्या दिवसांसारखी नाही. शेवटच्या दिवसांसारखी. स्टेडियम भरलं असताना मी बघायचे, तशी. तुला सांगावं की नाही कळत नव्हतं. तू वड्या घेऊन यायचीस, इतकी खूश असायचीस."

आणि मग, योगिनीने नको म्हणायच्या आत, तिने दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारी शिट्टी. कुत्री उठून भुंकायला लागली. भिंतीवरची कबुतरं उडाली. तिसऱ्या मजल्यावर साक्षी गॅलरीत येऊन ओरडली, "काय झालं गं?" त्यांच्याकडे पाठ करून बसलेल्या आरोहीने चेंडूवर एक खडा ठेवला. तो घसरला. तिने पुन्हा ठेवला.

"लक्ष नसेल तिचं," योगिनी म्हणाली. "रमली की अशीच करते," योगिनी म्हणाली. मग तिने स्वतः हाक मारली. आरू. आरोही. आरोही! तिसरी हाक घशातून कशीतरी फाटून आली, आपली नाहीच अशी. कबुतरं परत बसत होती, ती पुन्हा उडाली. किती छोटी पाठ होती ती. फ्रॉकचं वरचं बटण उलटं लागलेलं, मानेवर बारीक केस, एक कान उन्हात लालसर पारदर्शक. कान तर होता. ती तो रोज पुसत होती, तेलाचं बोट फिरवत होती, सोन्याची बाळी घातली होती त्यात. सगळं दिसत होतं तिला. ताप यायच्या आधी डोळ्यांच्या कडा कशा होतात ते दिसायचं, दाढ येणार ते दिसायचं. आणि हे दिसण्यासारखं नव्हतंच. कुकर, फटाके, मिक्सर, दाराची बेल. दिवाळीत लवंगी माळ लागली आणि आरोहीने मान वर करून नुसता धूर पाहिला. सगळे म्हणाले धीट. तिनेही म्हटलं होतं, अभिमानाने. ढोल ती ऐकत नव्हती, ढोल ती तळव्याने घेत होती. आणि आपण तो व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. किती जणांनी पाहिला असेल तो? इतक्या माणसांनी पाहिला आणि एकालाही दिसलं नाही? की थोडं ऐकते, कधीकधी ऐकते, आणि आपणच आता घाबरून सगळं पुसून टाकतोय? तिला खरंच कळेना. एका क्षणी वाटलं, चला, ते दुसरं नाव तरी नाही. लगेच स्वतःचीच शरम वाटली. मग पुन्हा वाटलं.

घरी आल्यावर तिने कुसाबाईंना सांगितलं, भराभर, चपला न काढता. कुसाबाई आधी भडकल्या. "त्या गोऱ्या बाईचं ऐकते? तिला काय कळतंय आपल्या पोरीतलं? रोज हाताखाली वाढतीय माझ्या!" त्या तरातरा आत गेल्या, जेवणाचं ताट आणि उलथनं घेऊन आल्या. आरोही फरशीवर बसून ठोकळे लावत होती. कुसाबाई तिच्या मागे उभ्या राहिल्या आणि बारशाला वाजवतात तसं ताट वाजवलं. मग जोरात. मग उलथनं वाकेल इतक्या जोरात. समोरचं दार उघडलं, साक्षीने डोकावून पाहिलं आणि काही न विचारता दार लोटून घेतलं. आरोहीने ठोकळ्यावर ठोकळा ठेवला. कुसाबाईंनी ताट खाली ठेवलं, अगदी हळू, आवाज होऊ नये असं. सोफ्याच्या कडेवर टेकल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "रोज निजताना मी तिला गोष्टी सांगते. चांदवडच्या देवीची, कोल्ह्याची. गप ऐकत पडायची. माझ्या तोंडाकडं बघत." आरोहीकडे बघून म्हणाल्या, "मंग मी कुणाला सांगत व्हते गं?"

योगिनीने क्लिनिकला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्हीच कॅन्सल केली होती ना? नेमकं काय ठरवलंय तुम्ही?" "मला माहीत नाही," योगिनी म्हणाली. "पण लवकरची द्या."

द्वारका चौकात नेहमीसारखी कोंडी होती. रिक्षा, टेम्पो, पुलाखाली अडकलेली एसटी, सगळे हॉर्न दाबून बसलेले. शेखर स्टेअरिंगवर बोटं आपटत होता. मागच्या सीटवर आरोही काचेला नाक लावून बघत होती. शेजारच्या टेम्पोवाल्याचं हॉर्नवरचं मनगट, त्याचं शिवी देणारं तोंड. ती खूश होती. योगिनीला एकेक आवाज वेगळा वेगळा टोचत होता. इतके आवाज इथे रोज असतात? ती या चौकातून शेकडो वेळा गेली असेल.

क्लिनिकमधली खोली लहान होती. भिंतींना मऊ अस्तर, जाड दार. दार लागलं आणि बाहेरचं सगळं एकदम तुटलं. इतकी शांतता की योगिनीला स्वतःच्या गिळण्याचा आवाज आला. तिला खुर्चीत बसवलं, आरोही मांडीवर, दोन्ही बाजूंना स्पीकर. तपासणारी तरुण मुलगी काचेपलीकडे जायच्या आधी वाकून म्हणाली, "ताई, एक सांगते. आवाज येतील. तुम्हाला ऐकू येतील. तुम्ही काहीही दाखवायचं नाही. मान हलवायची नाही, तिला हात लावून सुचवायचं नाही, श्वाससुद्धा नेहमीसारखा घ्यायचा. आईचं अंग हललं की मुलं ओळखतात, मग आम्हाला खरं कळत नाही. जमेल ना?" योगिनीने मान डोलावली. आरोहीच्या हातात रंगीत कड्या दिल्या होत्या. ती एकेक कडी दांड्यावर घालत होती.

पहिला आवाज आला. डावीकडून, पाखरासारखा. योगिनीने ऐकला. आरोहीने पिवळी कडी घातली. उजवीकडून आला, जरा मोठा. योगिनीचे खांदे आपोआप तिकडे निघाले होते, तिने ते धरून ठेवले. पोरीचं डोकं तिच्या हनुवटीखाली होतं. नुसतं बोट हलवलं असतं, दंडावर एवढंसं दाबलं असतं, तर आरोही वळली असती आणि काचेपलीकडच्या मुलीने खूण केली असती की हो, येतं ऐकू. एका बोटाचं काम. अडीच वर्षं ती तेच करत आली होती, पोर पडायच्या आधी हात, मागायच्या आधी दूध. तिने बोटं खुर्चीच्या कडेला आवळून धरली. आवाज वाढत गेला. कुकरएवढा. हॉर्नएवढा. हिरवी कडी. लाल कडी. आता तो इतका मोठा झाला की योगिनीचे दात शिवशिवले, डोळ्यांत पाणी आलं, आणि ती तशीच बसून राहिली, दगड होऊन, कुणी काही म्हणो.

आणि आरोहीचा हात थांबला. निळी कडी दांड्याच्या वर, अधांतरी. तिची मान कणभर वळली, उजवीकडे, मग थबकली, जणू खोलीत कुणीतरी आलं होतं आणि दिसत नव्हतं. ती मागे वळली आणि तिने वर, आईच्या तोंडाकडे पाहिलं. भुवया वर गेलेल्या. काय आहे हे? असं तिने आजवर कधी विचारलं नव्हतं. योगिनी तिच्याकडे बघत राहिली, चेहऱ्यावरची एक रेष न हलवता, आणि आवाज चालूच होता.